कुळागर आणि वायंगणासाठी छोटा ट्रॅक्टर: २४ एचपी की २७?

सत्तरी_कुळागर:
नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या बाजूला आमचं माडा-पोफळींचं कुळागर आहे आणि खाली व्हाळाकाठी भातशेती. सरद (पावसाळी भात) आणि वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात) दोन्ही करतो. आता पॉवर टिलर बाजूला ठेवून छोटा फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घ्यायचा आहे. काम म्हणजे चिखलणी, पोफळींच्या ओळींतून रोटाव्हेटर आणि शेणखताची ट्रॉली चढावावरून बागेत नेणं. २४ घेऊ की २७? ३ एचपीने खरंच फरक पडतो का? एक मेकॅनिक म्हणतो, २४ वालाच घ्या, इंजिनच्या पंपातून डिझेल वाढवून ताकद वाढवून देतो.

पेडणे_भातकार:
फरक पडतो भाऊ, पण सगळ्या कामांत नाही.

आधी ओढायचं काम बघा. २४ एचपी म्हणजे जवळपास १८ किलोवॅट. वाटेत वाया जाणारी ताकद सोडून १२ किलोवॅट उरली असं धरा. ताशी ४ किलोमीटर वेगाला त्यातून हजार किलोच्या वर ओढ निघायला हवी. पण ७००-८०० किलोच्या ट्रॅक्टरने मातीत स्वतःच्या निम्म्या वजनाएवढी ओढ दिली तरी पुष्कळ. त्यापुढे चाकं जागेवर फिरतात. म्हणजे नांगराला इंजिन कमी पडत नाही, पकड कमी पडते. तिथे २७ घेऊन काहीच हाती लागणार नाही.

रोटाव्हेटरला मात्र ताकद पीटीओतून (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) थेट पात्यांना जाते, चाकांच्या पकडीवर अवलंबून राहत नाही. ३ एचपी म्हणजे साडेबारा टक्के जास्त, आणि ते सगळं इथे कामाला येतं. कडक जांभ्या मातीत इंजिनचे फेरे कमी होत नाहीत, तेवढ्याच खोलीला थोडा वरचा गिअर चालतो.

चिखलणीला लोखंडी केज व्हील (चिखलात पकड देणारी पिंजऱ्यासारखी चाकं) लावाच. आणि दोन्ही मॉडेलांचं वजन विचारा. २७ वाला बराच जड असेल तर मऊ वायंगणात तोच आधी रुतेल.

डिचोली_गॅरेज:
पंपाला हात लावू देऊ नका, कळकळीने सांगतो. या छोट्या इंजिनांना बहुतेक टर्बो नसतो, हवा आत येते ती तेवढीच. डिझेल वाढवलं की ते पुरतं जळत नाही. काळा धूर येतो, इंजिन तापतं, आणि रेडिएटर, क्लच सगळं २४ च्या हिशेबाचं. वॉरंटीही जाते.

सत्तरी_कुळागर:
आणि चढाव?

पेडणे_भातकार:
भरलेली ट्रॉली २७ वाला थोड्या जास्त वेगाने वर नेईल, एवढंच. उतरताना एचपी उपयोगाला येत नाही, ब्रेक आणि ट्रॅक्टरचं वजन येतं. पावसात शेवाळलेल्या रस्त्यावर ट्रॉली अर्धीच भरा आणि खालच्याच गिअरमध्ये उतरा.

फोंडा_बागायतदार:
एक राहिलं. पोफळीची बरीच मुळं वरच्या थरातच असतात, बुंध्याजवळ रोटाव्हेटर खोल घातला तर मुळं तुटून झाड खंगतं. मधल्या पट्ट्यात तीन-चार इंच पुरे, आणि तेवढ्याला २४ आरामात चालतो. डीलरकडे बुदनीच्या (मध्य प्रदेश) केंद्रीय ट्रॅक्टर चाचणी संस्थेचा टेस्ट रिपोर्ट मागा. पीटीओची खरी ताकद आणि ओढ दोन्ही त्यात मोजलेली असतात. बॉनेटवरचा आकडा इंजिनचा असतो, पीटीओला त्यातलं कमीच पोचतं. सबसिडीचे गटही पीटीओ एचपीवर पाडलेले असतात, तेव्हा बुकिंगआधी विभागीय कृषी कार्यालयात विचारून घ्या.

सत्तरी_कुळागर:
देव बरें करूं! वर्षभरात सगळ्यात जास्त तास रोटाव्हेटरच चालणार, पण तो उथळच. मग २४ आणि केज व्हील. रोटाव्हेटर साडेतीन फुटी की चार?

पेडणे_भातकार:
मागच्या टायरांची बाहेरून बाहेर रुंदी मोजा. टायरांच्या खुणा झाकल्या जातील एवढाच घ्या. साडेतीनमध्ये भागत असेल तर चारचा विचार नको, २४ ला तो चिखलात जड जाईल.