हिरड्याच्या गावात वनहक्क समिती पुरेशी नाही

दादा, तुम्ही विचारलंत की आंबेगावकडच्या गावात वनहक्क समिती आहेच, मग दुसरी समिती कशाला? पहिलीचं काम वनहक्काच्या दाव्यांची पडताळणी. जंगल राखायला वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांतल्या नियम 4(1)(ङ) खाली ग्रामसभेनं वेगळी समिती नेमायची. वनविभागाची संयुक्त वनव्यवस्थापन समिती ती नव्हेच, इथेच बहुतेक गावं फसतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर गौण वनोपजाचा (हिरड्यासारख्या, लाकूड सोडून इतर वनमालाचा) वाहतूक परवाना ही समिती देऊ शकते. ती नसेल तर हिरडा व्यापारी म्हणेल त्या भावात दारातच द्यावा लागू शकतो. समिती नेमायचा ठराव घेताना ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, पाहा: निम्मे सभासद, त्यांत एक तृतीयांश महिला. कोऱ्या कागदावर सह्या गोळा केल्या की ठरावच वादात सापडतो.

ही समिती जंगल राखायचा जो आराखडा करेल, त्यात हिरड्याचा नियम स्पष्ट लिहा. बाळहिरडा म्हणजे आतली बी कठीण होण्याआधीचं फळ. सगळंच बाळहिरड्यात ओरबाडलं तर रोपं कुठून येणार? ठरवून काही झाडं पिकायला सोडा, त्यांना चुन्याचा पट्टा मारा. फांदी तोडून फळ काढायला सक्त मनाई हवी. माल कडक उन्हात, पातळ पसरून, काळा खडखडीत होईपर्यंत वाळवा. वळिवाचा एक शिंतोडा बसला तरी बुरशी धरते, म्हणून ताडपत्री जवळच ठेवा.