कॅम्पसवर लॅटिन अमेरिकेचा दिवस : टोप्या-मिशा नकोत, मग काय?

झेंडू_बडोदा :
दांडियाबाजारात घर, फाइन आर्ट्सला दुसरं वर्ष. वर्गात एक मेक्सिकोची मुलगी आहे, हॉस्टेलवर एक कोलंबियाचा मुलगा. अमेरिकेतल्या विद्यापीठांत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर यांच्या संस्कृतीचा महिना पाळतात, आपणही करू, असं मी उत्साहात बोलून बसले आणि मॅडमनी ते माझ्याच गळ्यात घातलं. पुठ्ठ्याच्या मोठ्या टोप्या, काळ्या मिशा, टाको असा बेत सांगितला तर ती मेक्सिकोची मैत्रीण गप्पच झाली. मग म्हणाली, "मी माझ्या गावी भारत दिवस ठेवून सगळ्यांना पुंगी वाजवायला बसवलं, तर तू येशील?" तेव्हापासून तोंड लपवून फिरतेय.
शिवाय बॅनरवर लिहू काय? लॅटिनो, लॅटिना की लॅटिनेक्स? आणि तो महिना बहुतेक पितृपक्षात नाहीतर गरब्यात जाणार. नवरात्रात बडोद्यात संध्याकाळी कोण येतंय भाषण ऐकायला! बजेट आईच्या स्वयंपाकघराएवढं.

इंदूरची_माई :
अगं, मी टेक्सासमध्ये एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, दरवर्षी हे बघते. तो महिना अमेरिकेचा. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात आठवडा होता, १९८८ मध्ये रेगन यांच्या काळात महिना झाला. १५ सप्टेंबर का, तर ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा, कोस्टा रिका १८२१ मध्ये त्या दिवशी स्वतंत्र झाले. मेक्सिकोचा १६ ला. तुझ्या कोलंबियावाल्याचा २० जुलैलाच होऊन गेला, विचारलंस का त्याला?
नावाचं म्हणशील तर स्पॅनिशमध्ये दोनच लिंगं : पुरुष लातिनो, बाई लातिना. शंभर बायकांत एक बाप्या आला की सगळे 'लातिनोस'. म्हणून तो एक्स आला. आपण मुलगे-मुली एकत्र असले की सरळ 'ती मुलं आली' म्हणतो, नपुंसकलिंगात, आणि कुणाचं काही बिघडत नाही! पण एक्स स्पॅनिश जिभेला वळत नाही, म्हणून काही जण 'लातिने' म्हणतात. प्यू या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत तिथल्या या समाजातल्या फक्त ४ टक्के प्रौढांनी स्वतःसाठी लॅटिनेक्स वापरतो असं सांगितलं. माझ्याकडे येणारी मुलं आधी मेक्सिकन, आधी साल्वादोरची. तू बॅनरवर देशांची नावं लिही.

निवृत्त_काका :
बेटा, उपासाचं ताट मांड. साबुदाण्याचा कंद ब्राझीलकडचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीजचा, मिरची मेक्सिकोची. आजीची एकादशी निम्मी तिकडूनच आलेली! राजगिराही तिकडचाच. मेक्सिकोत त्याच्या लाह्या मधात किंवा गुळाच्या पाकात घालून वड्या थापतात, 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. शेजारी पेरू ठेव, कुणीतरी हसेलच.
दसऱ्याला खंडेराव मार्केटातून आणतो तो झेंडूही मूळ मेक्सिकोचा. १ आणि २ नोव्हेंबरला ते लोक गेलेल्यांचे फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं खाणं ठेवतात आणि त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. मग पितृपक्षाला अडचण कशाला म्हणतेस? मात्र फोटो मांडायचा की नाही हे तुझ्या मैत्रिणीने ठरवायचं. तिची माणसं आहेत, आपलं प्रदर्शन नव्हे.
आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसरू नका. क्रांतिकारक म्हणून देश सोडला, मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्यावर काम केलं. तिथला चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. फाइन आर्ट्सवाल्यांना मी सांगायचं हे?

जुना_फाइनआर्ट्सवाला :
काकांनी लाज काढली. भर घालतो. कवी ओक्ताव्हियो पास १९६२ ते ६८ मेक्सिकोचे इथले राजदूत होते. १९६३ च्या 'ग्रुप १८९०' या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगची प्रस्तावना त्यांची. त्या ग्रुपमध्ये आपले ज्योती भट्ट आणि गुलाममोहम्मद शेख होते. एवढं एका भिंतीवर लावलंस तरी भाषण नको.

झेंडू_बडोदा :
टोप्या रद्द. काल मैत्रिणीला राजगिऱ्याची वडी दिली, तिने डोळे मिटून खाल्ली आणि आजीचं गाव सांगत बसली. फोटो आणते म्हणाली, पण जागा तीच निवडणार. कोलंबियावाला म्हणतो, मला फक्त कॉफी करू द्या, तुमची फार गोड असते.
आईला दोनशे वड्या सांगितल्यात. ती विचारतेय, एवढा उपास कोणाचा?