शिनचॅन मुलांना बिघडवतो, की आपलंच बिंग फोडतो?

सिंहगडरोडकर:
कार्टूनमधले आईबाप जरा नीट बघा. 'डोरेमॉन'मधल्या नोबिताची आई म्हणजे शून्य मार्कांचा पेपर हातात धरून ओरडणारी बाई. शिनचॅनची आई मित्सी पोराची कानशिलं मुठींनी रगडते आणि पोरगं तिच्या वजनावरून टोमणे मारतं. छोटा भीमच्या ढोलकपूरात आईबाप फारसे दिसतच नाहीत, संकट आलं की पोरंच निस्तरतात. रोज हेच बघितल्यावर डोक्यात काय बसणार? आई म्हणजे कटकट, बाप म्हणजे बावळट. आमचे चिरंजीव (वय सहा) परवा पाहुण्यांसमोर आईला म्हणाले, "मित्सी, तू जाडी झालीस." पाहुणे हसले, मग आम्हालाही हसावं लागलं. २००८ मध्ये सरकारने शिनचॅन बंद केलं होतं ते उगीच नाही. काटछाट होऊन परत आलंच म्हणा.

नारायणपेठी:
साफ असहमत. शिनचॅन मुळात मुलांसाठी नव्हतंच. १९९० साली जपानमध्ये ते मोठ्यांच्या साप्ताहिकात चित्रकथा म्हणून सुरू झालं, १९९२ ला टीव्हीवर आलं. घराचं कर्ज फिटत नाही, बापाच्या मोज्यांना वास मारतो, आई सेलच्या मागे धावते. हे विनोद दमलेल्या आईबापांसाठी आहेत. आपल्याकडे चॅनेलने ते पोरांच्या पुढ्यात वाढलं, त्याला ते काय करणार?

आणि त्याचाच २००१ चा चित्रपट बघा. मोठी माणसं जुन्या आठवणींच्या नादी लागून स्वतःच्या मुलांना विसरतात. बापाला शुद्धीवर आणायला पोरगा त्याचाच घामट बूट त्याच्या नाकाला लावतो. त्या वासासरशी बापाला सगळं आठवतं: लहानपणी वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला तो, पुढे नोकरी, लग्न, पोराचा जन्म, उन्हातली पायपीट. आमचे हे बघता बघता उठून गॅलरीत गेले.

सिंहगडरोडकर:
चित्रपट एकदा बघतात, मालिकेचा रतीब रोजचा असतो. फरक आहे.

निवृत्त_मास्तर:
आम्ही 'श्यामची आई' बघून वाढलो. अत्र्यांचा, १९५३ चा. आईला उलट बोलायची टाप नव्हती.

नारायणपेठी:
मास्तर, पुस्तकात पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला ती आई चांगली बदडून काढते. मित्सीने रगडलं की कुसंस्कार आणि हिने बडवलं की माया, असं कसं?

निवृत्त_मास्तर:
पुढचं वाचा ना! तो पोहून आल्यावर ती त्याला दही देते, जवळ घेऊन का मारलं ते सांगते. लोकांनी मुलाला भित्रा म्हणावं हे तिला सोसत नाही. तुमच्या कार्टूनमध्ये डोक्यावर टेंगूळ येतं आणि पुढच्या प्रसंगात गायब. कोण कोणाशी काही बोलतंय का? माझा आक्षेप तेवढाच. (मारणं मलाही पटत नाही, आणि छडी मी भरपूर वापरली आहे.)

वाकडची_आई:
मग 'ब्ल्यूई' बघा, ऑस्ट्रेलियाचं, २०१८ पासूनचं. सात-सात मिनिटांचे भाग. आईबाप दमतात, चिडतात, पण मुलींशी बोलतात.

हिंजवडी_बाबा:
त्या ब्ल्यूईच्या बापानेच माझा घात केलाय! तो सदानकदा खेळतो. मी हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनवरून ट्रॅफिकमध्ये पिचून घरी येतो तेव्हा कन्या दारातच, "घोडा हो." नाही म्हटलं की, "ब्ल्यूईचा बाबा होतो." बावळट बाप परवडला, निदान त्याच्याशी तुलना तरी होत नाही.

वाकडची_आई:
मागते तर मागू दे की. आपण वडिलांकडे असं काही मागायची हिंमत तरी केली होती का?

हिंजवडी_बाबा:
कमरेला पट्टा लावून घोडा होतोय सध्या.

नारायणपेठी:
धागाकर्ते, एक राहिलंच. रोज टीव्ही लावून कोण देतं?

सिंहगडरोडकर:
त्याशिवाय जेवत नाही हो तो.