अनुभव धागा: मे महिन्यातलं हर्णै बंदर

मे लागला की दापोलीकडे गाड्या वळतात आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात: लिलावाला कधी पोचायचं, मासळी कशी ओळखायची, ती घरापर्यंत टिकेल का, समोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याला होडी कधी मिळते. ज्यांना माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा. वेळ, माप, काय चुकतं आणि का चुकतं, एवढं हवं.

*

आधी पंचांगात तिथी बघा, मग खोलीचं बुकिंग करा. हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि सहा तासांनी, संध्याकाळी सव्वापाचला, पूर्ण ओहोटी. रात्रीही तेच चक्र. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं, अमावास्या पुन्हा पंधरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा.

हर्णैला हे एवढं महत्त्वाचं का, तर किनारा उथळ आहे आणि मोठ्या बोटी वाळूपर्यंत येतच नाहीत. त्या आत उभ्या राहतात. मासळी छोट्या होडीतून आणि बैलगाडीतून काठावर येते. लिलाव साधारण चार-साडेचारनंतर रंगतो. पौर्णिमा-अमावास्येला त्याच वेळी पाणी पार मागे गेलेलं असतं, त्यामुळे बैल पोटापर्यंत पाण्यात शिरून टोपल्या आणताना दिसतात, पण तुम्हालाही ओल्या, बुळबुळीत वाळूतून बरंच चालावं लागतं. अष्टमीला उलट. सहाच्या सुमारास भरती असते, पाणी काठाला लागतं आणि उभं राहायला चिंचोळी पट्टी उरते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे. तेव्हा भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाण्याचा चढउतार कमी.

*

तिथीचं वर आलंच आहे, गाडीचं सांगतो. वाळूत गाडी घालू नका, हर्णैला नाही आणि शेजारच्या मुरूड-कर्द्याला तर अजिबात नाही. ओहोटीची वाळू वरून फरशीसारखी कडक दिसते, खाली पाणी असतं. चाक रुतलं की लोक अ‍ॅक्सिलरेटर दाबतात, चाक गरगर फिरतं आणि गाडी थेट पोटावर बसते. रुतलीच तर लगेच थांबा, माणसं उतरवा, पुढच्या-मागच्या चाकांची हवा अर्ध्यावर आणा, चाकासमोरची वाळू हातांनी काढून झावळ्या टाका आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच घ्या. भरती चालू असेल तर प्रयोग करत बसू नका, गावात ट्रॅक्टर मिळतो.

*

लिलावात टोपल्याच्या टोपल्या जातात, ती बोली व्यापाऱ्यांची. घरापुरती मासळी हवी तर लिलावातून घेऊन बाजूला वाटे मांडून बसलेल्या मावशींकडे जा. एक फेरी भाव न विचारता नुसती नजर टाकत मारा, मग थांबा. आणि कृपा करून फोटोसाठी बैलगाडीच्या वाटेत किंवा बोलीच्या कोंडाळ्यात उभं राहू नका. तिथे त्यांच्या दिवसभराच्या कमाईचा भाव ठरत असतो. रोख, सुट्टे पैसे ठेवा. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

ओळखायचं कसं? बांगडा डोक्याकडून आडवा धरा, शेपटी खाली लोंबली नाही तर ताजा. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग अंगठ्याने दाबा: पांढरट पाणी आलं तर घ्या, लालसर आलं तर ठेवा. सुरमई अख्खी बघा, कापलेले तुकडे नको, कारण कल्ले आणि डोळे गेले की पुरावाच गेला. कोळंबीचं डोकं बोटाने हलवून बघा. सैल किंवा काळं पडलेलं नको. माकूल (स्क्विड) पांढरा, चकचकीत हवा, अंगावर गुलाबी झाक पसरली की तो जुना. चिंबोरी हातात जड लागली पाहिजे. अमावास्येला भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, असं कोळणी सांगतात.

एक गोष्ट आरोग्याची. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे उन्हात तास-दोन तास राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून, तळून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, खाज, डोकं दुखणं ही त्याची लक्षणं. म्हणून हे मासे घेतले की त्याच क्षणी बर्फात.

*

बर्फाचं माप: जेवढी मासळी तेवढाच बर्फ, वजनाने. पाच किलोला पाच किलो. पुण्या-मुंबईचा प्रवास गर्दीत दहा तासांवर जाणार असेल तर दीडपट. लादीचा अख्खा बर्फ नको, फोडून घ्या. मोठ्या तुकड्यांमध्ये हवा राहते आणि मासा ठिकठिकाणी गरम पडतो.

पेटी थर्माकोलची, जाड. तळाच्या कोपऱ्यात करंगळीएवढं भोक पाडा. इथेच निम्मे लोक चुकतात. बर्फ वितळून साचलेल्या पाण्यात मासा रात्रभर भिजला की मऊ पडतो आणि चव जाते, मग दोष मासेवालीला. भोकाला फडक्याचा बोळा, दर दोन तासांनी थांबून पाणी सोडा. आतडी आणि कल्ले बंदरावरच काढून घ्या. तळाला चार बोटं बर्फ, त्यावर मासे पोट खाली करून, म्हणजे पोटात पाणी साचत नाही. पोटातही मूठभर बर्फ. मग थर बर्फाचा, थर माशांचा, शेवटी बर्फ, वर ओलं गोणपाट, झाकणाला चिकटपट्टी. तुकडे केलेले असतील तर ते पिशवीत बंद करून बर्फात. पेटी डिकीत नको, तिथे भट्टी असते. मागच्या सीटपुढे, एसीच्या हवेत. जिवंत चिंबोऱ्या मात्र बर्फात नको, ओल्या गोणपाटात. गोड्या पाण्यात त्या मरतात.

*

सुवर्णदुर्ग सकाळीच. आठ-नऊपर्यंत मतलई वारा, पाणी शांत; दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात. किल्ल्यावर धक्का नाही, वाळूजवळ पाण्यातच उतरायचं. पौर्णिमेला नऊच्या सुमारास पाणी अर्ध्यावर असतं, उतरायला बरं. चतुर्थीला त्याच वेळी पूर्ण ओहोटी, खडक उघडे. त्यांवरच्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून पट्ट्याच्या सँडल घाला. साध्या चपला पाण्यात राहतात. परतीची वेळ होडीवाल्या दादांशी आधीच पक्की करा, पैसे आल्यावर. लाइफ जॅकेटची बकलं लावलेली असू देत.

महादरवाजा तटाच्या वळणात लपलेला आहे, जवळ जाईपर्यंत दिसत नाही. उंबऱ्याजवळ पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावर मारुती, हे घाईत सुटतं. आत पिण्याचं पाणी नाही, सावली तुरळक. माणशी दोन लिटर. हाच किल्ला १७५५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि जुलै २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या यादीतल्या बारा किल्ल्यांत आला. होडी चुकली तर किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर चढा, दीपगृहाजवळून सुवर्णदुर्गाचा पूर्ण तट दिसतो.

*

सुकी मासळी घेणाऱ्यांसाठी थोडं: सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) मोडून बघा, कटकन तुटले पाहिजेत. लवचीक असतील तर आत ओल आहे, पावसात बुरशी धरणार. जवळ्यात (सुकवलेल्या अगदी बारीक कोळंबीत) वाळू असते. चाळा, मग भाजायच्या आधी दोन-तीनदा धुवा.

*

तारखेचं ध्यानात ठेवा. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, पण बंदर ३१ मेपर्यंत भरलेलं असेलच असं नाही. शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळला की बोटी आधीच मागे फिरतात, हर्णैला आडोसा नसल्यामुळे खाडीत शिरतात, आणि उधाणाची भरती साधून वर ओढल्या जातात. जाळी, इंजिन उतरवायची धांदल तेव्हा असते. मासळीसाठी जायचं असेल तर २० मेच्या आत जा.