आईसाठी ठोके मोजणारं साधं यंत्र सुचवाल का?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. आई (वय ६२) रोज सकाळी कमाटीबागेत तासभर झपझप चालते. तिला बीटा ब्लॉकरची (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी) गोळी सुरू आहे, त्यामुळे जास्तीत जास्त ठोक्यांचा २२० वजा वय हा हिशेब तिला लागू पडत नाही. चालताना ठोके ११०च्या वर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

सध्या एक स्वस्तातलं मनगटी घड्याळ आहे. परवा तिला बाकावर बसवून मी स्वतः नाडी धरली. १५ सेकंदांत २३ ठोके, म्हणजे मिनिटाला ९२. घड्याळ १३१ दाखवत होतं! बिचारी घाबरून अर्ध्यातूनच घरी परतली. घड्याळाच्या मागचा हिरव्या उजेडाचा सेन्सर सैल बसला की चुकतो, हे कळतंय. पण तिचं मनगट बारीक, त्यात बांगड्या. पट्टा घट्ट बसतच नाही.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, म्हणून जास्त भरवशाचा. पण तो रोज ओला करून ब्लाउजच्या आत बांधणं तिला जमेल का? दंडावर बांधायचा कुणी वापरलाय का? मोबाइल ती सोबत नेत नाही. आकडा मोठा दिसावा आणि ११० ओलांडले की यंत्र थरथरावं, एवढंच हवंय. घरात कुणी वापरत असेल तर कृपया सांगा.