नेतृत्वाची पारख किती काळाने करावी?

प्रश्न
आमच्या संस्थेत विभागप्रमुखांचे मूल्यमापन दरवर्षी होते आणि त्यात त्या वर्षीचे आकडे हाच मुख्य निकष असतो. सलग उत्तम शेरे मिळवणाऱ्या एका प्रमुखांनी पद सोडताच वर्षभरात विभागाची घडी विस्कटली. याउलट ज्यांच्यावर समितीने सतत ताशेरे ओढले, त्यांनी बसवलेली व्यवस्था आजही बिनबोभाट चालू आहे. आकडे तर खोटे नव्हते. मग एखाद्याची नेतृत्वाची कुवत दीर्घ मुदतीत जोखायची, तर नेमके काय पाहावे?

पहिले उत्तर
एका वर्षाच्या आकड्यांत नेत्याचे कर्तृत्व, परिस्थितीची साथ आणि आधीच्या माणसाची पुण्याई अशी सरमिसळ झालेली असते. जॅक वेल्च १९८१ ते २००१ या काळात जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख होते आणि निवृत्तीच्या वेळी त्यांच्याकडे आदर्श व्यवस्थापक म्हणून पाहिले जात असे. मात्र ज्या वित्तीय शाखेने कंपनीला भरघोस नफा दिला, तीच २००८ च्या संकटात तिच्या गळ्याशी आली. २०१८ मध्ये ही कंपनी आघाडीच्या अमेरिकी कंपन्यांच्या डाऊ जोन्स या शेअर निर्देशांकातून वगळली गेली. उलट उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले हॅरी ट्रुमन यांचे. फेब्रुवारी १९५२ मध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत त्यांना जेमतेम २२ टक्के पसंती होती, पण युद्धानंतर युरोपला मदत देणारी मार्शल योजना आणि नाटो ही लष्करी आघाडी यांमुळे इतिहासकार आज त्यांना बरेच वरचे स्थान देतात.

दुसरे उत्तर
उदाहरणे पटली, तरी ‘काळच काय तो न्याय करील’ हे मला मान्य नाही. वेल्च यांच्यानंतर जेफ्री इमेल्ट २०१७ पर्यंत प्रमुख होते. त्यांच्या निर्णयांचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडायचा? मुदत जितकी लांबते, तितके इतरांचे हात त्या परिणामाला लागतात. म्हणून परिणामापेक्षा निर्णय तपासावा: त्या वेळी कोणती माहिती हाताशी होती, कोणते पर्याय विचारात घेतले, माघारीची वाट ठेवली होती का. निकाल कळल्यावर प्रत्येकालाच ‘मला हे आधीच दिसत होते’ असे वाटू लागते, तेव्हा ही नोंद निर्णयाच्या दिवशीच व्हायला हवी. मी पाहिलेल्या एका नोंदीत नवी संगणकप्रणाली घेताना प्रमुखाने लिहिले होते की पहिले सहा महिने तक्रारी वाढतील, आणि त्यानंतरही त्या ओसरल्या नाहीत तर दोष प्रणालीचा नसून आपल्या प्रशिक्षणाचा मानावा. आपला अंदाज कशाने खोटा ठरेल हे जो आधी लिहून ठेवतो, त्याच्याविषयी मला वार्षिक अहवालापेक्षा अधिक कळते.

तिसरे उत्तर
एक साधी कसोटी सुचवतो. प्रमुख दोन आठवडे रजेवर गेले की किती कागद त्यांच्या सहीवाचून अडून राहतात ते पाहावे. तसेच त्यांच्या हाताखालून तयार झालेली माणसे पुढे स्वतंत्रपणे जबाबदारी पेलतात का, हेही पाहावे. अर्थात चार जणांच्या विभागात यावरून फारसे काही ठरवता येणार नाही.

प्रश्नकर्ता
नोंदीची कल्पना आवडली. पण त्यावर बढती ठरणार हे कळले, तर लोक मोघम आणि सुरक्षित तेवढेच लिहितील ना?

दुसरे उत्तर देणारे
लिहितील. म्हणून ती नोंदवही वेतनवाढीच्या बैठकीत येऊ देऊ नये. तीन-चार वर्षांनी, प्रमुखाला समोर बसवून, समितीने ती केवळ चर्चेसाठी उघडावी. मोघम लिहिणाराही त्या वेळी ओळखू येतो.