शब्दचर्चा: क्वेरी झोपते, थांबते की खोळंबते?

मुळाकाठ: हिंजवडीत नव्याने लागलेल्या मुलांसाठी डेटाबेसच्या मराठी टिपा काढतेय. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ‘वेटफॉर डिले’ या आदेशाला ‘००:००:०५’ दिलं की काम पाच सेकंद जागीच राहतं, मग पुढची ओळ चालते. याला ‘विलंब’ म्हणावं का? आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) तशीच थांबवणाऱ्या ‘स्लीप’ फंक्शनला ‘झोप’?

लकडीपूल: ‘विलंब’ नको. पुणे स्टेशनात गाडी विलंबाने येते म्हणजे तिची वेळ चुकलेली असते. इथे वेळ आपणच नेमून देतो. ‘थांबा’ म्हणा. ‘वेटफॉर टाइम’ला २२:०० दिलं की ‘रात्री दहापर्यंत थांब’, इतकं सरळ.

‘झोप’ तर अजिबात नको. मायएसक्यूएलच्या प्रोसेसलिस्टमध्ये (जोडलेल्या कनेक्शनच्या यादीत) ‘कमांड’च्या रकान्यात ‘स्लीप’ दिसतं ते रिकाम्या कनेक्शनपुढे. क्लायंटने पुढचं काहीच सांगितलेलं नसतं. स्लीप फंक्शन चालू असेल तर त्याच रकान्यात ‘क्वेरी’ असतं आणि स्टेट ‘यूजर स्लीप’. दोन्हीला ‘झोपलंय’ म्हटलं तर मुलं भलत्याच कनेक्शनच्या मागे लागतील. पहिलं रिकामं, दुसरं थांबलेलं.

मुळाकाठ: पटलं. मग लॉकपायी, म्हणजे दुसऱ्या कामाने डेटा धरून ठेवल्यामुळे, अडकलेली क्वेरी?

पर्वतीपायथा: ती खोळंबते! थांबतो तो आपणहून, खोळंबतो तो दुसऱ्यापायी. टिपांमध्ये हा फरक कृपा करून ठेवाच, कारण दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडा, एक रो (टेबलातली ओळ) अपडेट करा आणि कमिटच्या (बदल पक्के करण्याच्या) आधी ‘पीजी_स्लीप(३०)’ टाका. ती तीस सेकंद लॉक सुटत नाही. तोच रो अपडेट करायला आलेला दुसरा सेशन पहिल्याचं कमिट किंवा रोलबॅक (बदल रद्द) होईपर्यंत खोळंबतो. साधं सिलेक्ट (नुसती वाचणारी क्वेरी) मात्र खोळंबत नाही, त्याला आधीची किंमत मिळते. मुलांना दोन खिडक्या शेजारी उघडून हे करायला लावा, शब्द आपोआप बसतील.

लकडीपूल: एक राहिलं. मायएसक्यूएलमध्ये दहा रोंच्या टेबलावर ‘सिलेक्ट स्लीप(१)’ चालवलं तर एक नाही, दहा सेकंद जातात, कारण फंक्शन प्रत्येक रोसाठी चालतं. तिथे ‘रोगणिक थांबा’ असं स्पष्ट लिहा. ओरॅकल डेटाबेसवाले असतील तर १८सी आवृत्तीपासून ‘डीबीएमएस_सेशन’ पॅकेजमधलं स्लीप दाखवा, जुनं ‘डीबीएमएस_लॉक’मध्ये आहे आणि त्या नावामुळे लॉकचा उगीच घोळ होतो.